सुकाणू कुठे वळले आहे?

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, तरी बोटीचा प्रश्न या जिल्ह्याला परका नाही. उत्तरेच्या सीमेवर गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांना लागून गोदावरी वाहते. सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे आणि त्यात नदीच्या पाण्याखेरीज जायकवाडीच्या १३२ किलोमीटर लांबीच्या उजव्या कालव्याचे पाणीही येऊन पडते. दक्षिणेला केज तालुक्यात धनेगावजवळ मांजरा धरण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीच्या विसर्गाने गोदाकाठ पाण्याखाली गेला. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तर सिंदफणा, मांजरा आणि गोदावरी या तिन्ही नद्यांनी पात्र सोडले. अशा दिवशी वेढा पडलेल्या वस्तीपर्यंत पोचायला बहुतेक वेळा मोटरबोटच उरते. तिच्याविषयी आपल्याकडे चर्चा होते ती बोटी किती आणि जॅकेटे किती एवढीच. बोट चालवणाऱ्या माणसाला चालवताना काय दिसते आणि काय दिसत नाही, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे एका छोट्या वस्तूबद्दल आहे. जी प्रवासी किंवा बचावाची बोट चाक फिरवून वळवली जाते, तिच्या चालकासमोर एक काटा असावा, आणि सुकाणू किंवा मोटर या क्षणी कोणत्या बाजूला किती वळलेली आहे हे त्याने दाखवावे.

हे म्हणणे सगळ्यांना पटत नाही, आणि न पटणाऱ्यांकडे कारणे आहेत. म्हणून मी ते एका प्रतिपक्षासमोर मांडतो. त्याला मामा म्हणू. मामा म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. हाताच्या भरवशावर बोट चालवणाऱ्यांचे जे म्हणणे आहे, आणि ते हलके मुळीच नाही, ते त्यांच्या तोंडी घातले आहे.

मामा म्हणतात, "भाऊ, बोट काय काट्याकडं बघून लागते का धक्क्याला? ती हातानं लागते. गेटवेला जाऊन बघा. एलिफंटाच्या, मांडव्याच्या लाँचा लाटंवर वरखाली होत असतात, पायऱ्यांवर माणसं उभी असतात, अन् तांडेल लाँच अशी आणून टेकवतो की टायर दबतो पण फळी हलत नाही. त्याची नजर पाण्यावर असते. त्याला काटा दिला तर तो काट्याकडं बघंल का पायऱ्यांकडं? अन् सुकाणू कुठं आहे हे त्याला कोणी सांगायची गरज नसते. चाक त्यानं स्वतः फिरवलेलं असतं."

मामा, गेटवेच्या तांडेलाबद्दल तुम्ही म्हणता ते सगळे खरे आहे, आणि त्यातच माझा मुद्दा आहे. तो माणूस हंगामभर, दिवसातून अनेकदा, त्याच लाँचने त्याच पायऱ्यांना लागतो. त्याचा हात बसलेला असतो, कारण बसायला त्याला वेळ मिळालेला असतो. आपल्या जिल्ह्यातल्या बोटीचे आयुष्य वेगळे. ती वर्षातला मोठा काळ शेडमध्ये ताडपत्रीखाली असते. पावसाळ्याआधी एखादी रंगीत तालीम होते, आणि मग एका रात्री फोन येतो. त्या रात्री ज्याला चाक धरायचे असते त्याचा हात बसलेला नसतो. तो आळशी असतो म्हणून नव्हे, त्याला सरावाला पाणीच मिळालेले नसते म्हणून. रोज बोट लावणाऱ्याला काटा चैन वाटेल, पण वर्षातून चार दिवस बोट लावणाऱ्याला तो आधार आहे. किनारपट्टीवरचा पुरावा आपण मराठवाड्याला लावतो तेव्हा हा फरक विसरला जातो.

आता चाक स्वतः फिरवल्यावर सुकाणू कुठे आहे हे कळत का नाही, ते पाहू. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हा प्रश्न कधी पडत नाही. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना पुढची चाके त्याला बसल्या जागेवरून दिसतात, आणि उसाची ट्रॉली मागे घेतानाही चाके कुठे वळली आहेत ते तो क्लच सोडायच्या आधी पाहून घेतो. बोटीचे सुकाणू मागे आणि पाण्याखाली असते. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला चार-पाच फेरे लागतात, त्यामुळे चाकाकडे पाहून काही कळत नाही. सुकाणू मधोमध असताना चाक जसे दिसते, तसेच ते एक पूर्ण फेरा डावीकडे गेल्यावरही दिसते. बोट वेगात असली की बिघडत नाही, कारण तोंड वळू लागते आणि चालक लगेच सावरतो. काठाजवळ मात्र बोट जवळजवळ उभी असते. इंजिन न्यूट्रलला असते, सुकाणूवरून पाणी वाहत नसते, म्हणून सुकाणू कुठेही असले तरी बोट काही बोलत नाही. चालक थोडी रेस देतो तेव्हा पंख्याने मागे फेकलेले पाणी सुकाणूवर आदळते आणि बोटीची मागची बाजू झटक्यात सरकते. सुकाणू कुठे होते ते तेव्हा कळते, आणि काठ हातभर अंतरावर असताना हे कळणे उशिराचे असते.

मोटर बाहेर टांगलेली असेल, म्हणजे आउटबोर्ड असेल, तर वेगळे सुकाणू नसते. मोटरच वळते आणि तिचा पंखा ज्या दिशेने पाणी फेकतो त्याच्या उलट दिशेला बोट ढकलली जाते. अशा बोटीला रिव्हर्समध्येही मोटरचा कोन तितकाच महत्त्वाचा असतो. आतल्या इंजिनाच्या लाँचचे तसे नाही. तिथे रिव्हर्सला पंख्याचे पाणी पुढे जाते, सुकाणूला फारसे लागत नाही, आणि उजव्या फिरकीचा पंखा असेल तर मागची बाजू सुकाणूला न जुमानता डावीकडे ओढली जाते. म्हणजे लाँचच्या रिव्हर्समध्ये काटा थोडाच उपयोगी, हे मी आधीच मान्य करतो. बचावकार्यात आउटबोर्डच जास्त वापरतात, आणि तिथे तो दोन्ही गियरांत उपयोगी आहे.

"मग तर सोपंच झालं," मामा म्हणतात. "आउटबोर्ड असंल तर मागं वळून बघा की. मोटर डोळ्यासमोर टांगलेली आहे. अन् बघायला जमत नसंल तर जुनी रीत आहे: चाक एका बाजूला पार शेवटपर्यंत न्यायचं, अन् तिथून निम्मे फेरे मोजत परत यायचं. मोटर मधोमध. नाहीतर चाकाच्या वरच्या आरीला सुतळी बांधा. सुतळी वर आली की सुकाणू सरळ. फुकटात काम होतं."

तीनही उपाय खरे आहेत आणि प्रत्येक चालकाला ते यायलाच हवेत, कारण काटा बंद पडला तर तेच उरतात. पण त्यांच्या मर्यादा पुराच्या पाण्यातच उघड्या पडतात. मागे वळून पाहणे रिकाम्या बोटीत जमते. बोटीत दहा माणसे, दोन म्हातारी, गाठोडी आणि एखादी शेळी असली की मागची मोटर दिसत नाही, आणि रात्री तर नाहीच. फेरे मोजायला दोन-तीन सेकंद आणि मोकळे डोके लागते. काठावरून लोक ओरडत असताना तिसरा फेरा होता की चौथा, हे विसरणे माणसाला शोभणारेच आहे. सुतळीचा उपाय केबलच्या स्टेअरिंगला चालतो, तोही फेऱ्यांचा हिशेब लक्षात असेपर्यंत. हायड्रॉलिक स्टेअरिंगमध्ये मात्र सुतळी फसवते. तिथे चाक आणि मोटर यांच्यामध्ये तेल असते, लोखंड नसते. चाकाच्या पंपातून तेल थोडे थोडे सरकत राहते, नळीत हवा राहिली तर आणखीच. त्यामुळे आज सुतळी वर असताना मोटर सरळ असेल, तर काही दिवसांनी तीच सुतळी बाजूला असताना मोटर सरळ मिळेल. यात बिघाड झालेला नसतो, त्या यंत्रणेची ती जातच आहे. चाकाकडून मिळालेली बातमी ही चाकाची बातमी असते.

समुद्रावरच्या जहाजांच्या नियमांनी ही गोष्ट फार आधी ओळखली. समुद्रातील जीवसुरक्षेचा १९७४ चा आंतरराष्ट्रीय करार, ज्यात भारतही आहे, तो असे सांगतो की जहाजाचे मुख्य सुकाणू यंत्रशक्तीने फिरत असेल तर त्याचा कोन चालककक्षात दिसला पाहिजे, आणि तो दाखवणारी व्यवस्था सुकाणू फिरवणाऱ्या नियंत्रणापासून स्वतंत्र असली पाहिजे. या 'स्वतंत्र' अटीत माझा अर्धा युक्तिवाद येऊन जातो. हुकूम देणाऱ्यालाच हुकूम पाळला गेला का असे विचारायचे नसते, जिथे तो पाळला जायचा तिथे जाऊन पाहायचे असते. काट्याची तार चाकाला जोडली तर ती सुतळीच झाली. ती सुकाणूच्या दांड्याला किंवा मोटर वळवणाऱ्या सिलिंडरला जोडली, तरच तिचा उपयोग आहे.

इथे मामा गप्प बसणारे नाहीत, आणि बसूही नये. "जहाजाची गोष्ट जहाजाला. त्याचं सुकाणू घराएवढं. चाक इकडं फिरवलं तरी ते तिकडं सावकाश वळतं, म्हणून त्यांना काटा लागतो. आपली मोटर चाकाबरोबर लगेच वळते. अन् मोठी गोष्ट राहिलीच. काटा सुकाणू दाखवतो, पाणी दाखवतो का? सुकाणू सरळ, काटा सरळ, अन् गोदावरी बोट घेऊन चालली खाली! काट्यावर विसंबलेला पोरगा म्हणंल, काटा तर सरळ आहे."

पहिल्या भागात मामांचे बरोबर आहे. त्याच करारात मोठ्या जहाजाचे सुकाणू पूर्ण वेगात एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत जावे अशी कसोटी आहे. इतका उशीर छोट्या बोटीत नसतो. पण काट्याची गरज केवळ उशिरामुळे नाही. चालक आणि सुकाणू यांच्यामध्ये जे दिसत नाही त्यामुळे ती आहे, आणि ते न दिसणे दोन्हीकडे सारखेच. दुसरा भाग त्याहून मोलाचा आहे. काटा प्रवाह दाखवत नाही, वारा दाखवत नाही, बोट कुठे चालली आहे तेही दाखवत नाही. काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बोट किती सरकते आहे हे ओळखणे, प्रवाहाला तोंड देऊन काठाकडे तिरपे सरकत जाणे, हे डोळ्याचे आणि हाताचेच काम आहे. गोदावरीच्या श्रावणातल्या पाण्याला कमी लेखणाऱ्यांना याच जिल्ह्याने धडा दिला आहे. १० ऑगस्ट १७६३ ला गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनजवळ निजामाची फौज नदी उतरत असताना पुराने दुभंगली. निजाम अली पलीकडे गेलेला, दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे अडकलेला, आणि माधवराव पेशव्यांच्या सैन्याने अलीकडच्या फौजेचा धुव्वा उडवला. विठ्ठल सुंदर त्यात मारला गेला. पाण्यापुढे काटा काय करणार, हा मामांचा प्रश्न म्हणूनच मी बाजूला सारत नाही. माझे उत्तर एवढेच की चालकाचे लक्ष मर्यादित असते. सुकाणू कुठे आहे हे आठवण्यात त्याचे जितके लक्ष खर्च होते, तितके पाण्याकडे द्यायला कमी पडते. काटा त्याला तेवढे लक्ष परत देतो.

एक प्रसंग जवळून पाहू, कारण असे वाद हवेत फार वेळ चालतात. पुराने वेढलेल्या वस्तीत धक्का नसतो. देवळाच्या पायऱ्या, पुलाचा भराव किंवा एखाद्या घराचा ओटा हाच धक्का. चालकाने प्रवाहाला तोंड देऊन बोटीचे नाक देवळाच्या पायरीला टेकवले. टेकवताना नाक प्रवाहाने बाजूला जाऊ लागले म्हणून त्याने चाक दोन फेरे उजवीकडे घेतले आणि थोडी रेस दिली. नाक टेकले, खलाशाने दोर कमानीला गुंडाळला, इंजिन न्यूट्रलला आले. आता पाच मिनिटे माणसे चढतात. चालक हात देतो, जॅकेट बांधतो, एका बाईचे मूल धरतो. चाक होते तिथेच आहे, आणि पाच मिनिटांत ते त्याच्या मनातून गेले आहे. सगळे बसले, दोर सुटला, त्याने रिव्हर्स टाकून रेस दिली. मोटर अजून उजवीकडेच वळलेली आहे. बोट सरळ मागे येत नाही. तिची मागची बाजू उजवीकडे फेकली जाते, आणि तिथे देवळाची ओवरी आहे किंवा पाण्यात कमरेएवढा उभा राहून बोट ढकलणारा गावातला तरुण आहे. पंखा त्याच बाजूला आहे. या पाच मिनिटांत चालकाकडून आळस घडला नाही, बेफिकिरी घडली नाही. त्याला फक्त आठवले नाही. समोर काटा असता तर रिव्हर्स टाकायच्या आधी, अर्ध्या सेकंदात, बोट उभी असतानाच त्याला दिसले असते. मामांची धास्ती अशी की चालक काट्याकडे पाहत राहील आणि पायऱ्या विसरेल. त्यावर उत्तर याच क्षणात आहे: काट्याकडे पाहायची वेळ बोट सरकत असतानाची नसून गियर टाकण्याआधीची आहे. बोट चालू लागली की नजर पाण्यावर.

"अन् पैसा?" मामांचा शेवटचा आक्षेप सगळ्यांत जड आहे. "सांगलीकडं ब्रह्मनाळला २०१९ च्या ऑगस्टात बोट उलटली, माणसं गेली. ती सुकाणूनं गेली का? जास्त माणसं भरली म्हणून गेली. उजनीत २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं जाताना वादळात बोट उलटली, सहा जण बुडाले. तिथं काटा काय करणार होता? आधी जॅकेटं घ्या, किती माणसं बसवायची ते ठरवा, वारा सुटला तर बोट सोडू नका. काटा नंतर बघू. अन् दोन पावसाळ्यांत तुमचा काटा गंजंल. चुकीचं दाखवंल. चुकीचा काटा म्हणजे काटा नसल्याहून वाईट."

क्रमाबद्दल मला मामांशी वादच नाही. जॅकेटांच्या आधी काटा मागणारा माणूस पुराविषयी बोलायला नालायक आहे. ब्रह्मनाळ आणि उजनी या दोन्ही दुर्घटनांचा सुकाणूशी संबंध जोडणे खोटेपणाचे ठरेल, आणि माझी बाजू त्यांच्यावर उभी नाही. पण मोठ्या अपघाताची कारणे वेगळी आहेत म्हणून छोट्या अपघाताची कारणे तशीच ठेवावीत, असे होत नाही. दबलेली बोटे, फुटलेला बोटीचा काठ, पायरीवरून घसरलेली म्हातारी, पंख्यात अडकलेला दोर यांची बातमी होत नाही, म्हणून ते घडत नाही असे नव्हे. बोट काठाला नीट लावता येत नाही तेव्हा चालक दुसऱ्यांदा प्रयत्न करतो, तिसऱ्यांदा करतो, आणि प्रत्येक प्रयत्नात ओट्यावरच्या माणसांचा धीर सुटतो. धीर सुटलेली माणसे एकदम चढतात, आणि मग जास्त माणसांचा प्रश्न, जो मामांना सर्वांत मोठा वाटतो, तोच समोर येतो. बोट पहिल्या खेपेला शांतपणे लागणे हा शिस्तीने चढवण्याचाच पहिला भाग आहे.

गंजण्याच्या आक्षेपाला मात्र कामानेच उत्तर द्यावे लागते. ही वस्तू साधी आहे. सुकाणूच्या दांड्याला एक छोटी लोखंडी दांडी जोडतात, ती हलली की एका डबीतला विद्युतरोध कमी-जास्त होतो, आणि समोरच्या डायलमधला काटा त्याप्रमाणे सरकतो. ट्रॅक्टरच्या टाकीतले डिझेल दाखवणारा काटाही याच तत्त्वावर चालतो. म्हणजे गेवराईतला कोणताही वायरमन ती उघडून समजून घेईल. बारा व्होल्टची बॅटरी बोटीत असतेच. बिघाड होतो तो बहुतेक वेळा तीन जागी: दांडीचा सांधा ढिला होतो, वायरच्या टोकांना गंज चढतो, किंवा बसवताना मध्य नीट धरलेला नसतो. तिन्ही गोष्टी बोट ट्रेलरवर असताना तपासता येतात. एक जण चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेतो, दुसरा मागे उभा राहून मोटर पाहतो आणि 'सरळ' म्हणतो, तेव्हा काटा मध्यावर हवा. शेडमधून बोट काढताना दर वेळी हे केले तर खोटा काटा पाण्यात उतरत नाही. आणि काटा अंशाअंशाने अचूक असण्याचीही गरज नाही. डावीकडे, मधोमध, उजवीकडे, थोडे की पुष्कळ, एवढे अंधारात दिसले की काम झाले. डायलचा दिवा मंद हवा, नाहीतर रात्री चालकाचे डोळे दिपतात आणि समोरचे पाणी काळे होते.

याखेरीज एक फायदा मला आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो, कारण तो पुराच्या दिवशीचा नाही, शिकण्याच्या दिवशीचा आहे. नवा मुलगा चाक फिरवतो आणि बोट काय करते ते पाहतो. मधली कडी त्याला दिसत नाही, म्हणून कोणत्या कारणाने काय झाले हे त्याच्या मनात जुळायला वेळ लागतो. काटा समोर असला की चाक, सुकाणू आणि बोट या तिन्ही गोष्टी त्याला एकत्र दिसतात. तालमीला मिळणारा वेळ थोडा असेल तर त्या थोड्या वेळातून जास्तीत जास्त शिकता यावे, हा हिशेब मराठवाड्याने तरी मांडायला हवा. हात बसायला वर्षे लागतात असे मामा म्हणतात, आणि ती वर्षे आपल्याकडे नाहीत.

यावर मामा थोडे नरमतात, पण अट घालतात. "तालमीत दहा खेपा लावायच्या असतील तर पाच काटा झाकून लावायच्या. टेप चिकटवा त्याच्यावर. पोरगा झाकल्या काट्यानं लावून दाखवंल तेव्हाच त्याला पास म्हणायचं." ही अट मला मान्य आहे, फक्त पहिल्या पाच खेपा उघड्या काट्याने व्हाव्यात आणि झाकलेल्या नंतर, म्हणजे पाहून जे शिकले त्याचीच परीक्षा होईल. मामांची दुसरी अट अशी की हाताने दांडा धरून चालवायच्या रबरी बोटींना यातले काही लावायचे नाही. तिथे चालकाचा हात थेट मोटरवर असतो, मनगट जिकडे तिकडे मोटर, आणि काट्याला सांगण्यासारखे काही उरत नाही. त्याही बाबतीत त्यांचे बरोबर आहे. बचावाच्या कामात अशा बोटी पुष्कळ असतात, तेव्हा काटा लागणाऱ्या बोटी जिल्ह्यात मोजक्याच निघतील. येत्या मे महिन्यात त्या शेडमधून काढून, ट्रेलरवर असतानाच, आधी हायड्रॉलिकचे तेल आणि नळ्यांतली हवा तपासावी, आणि मगच काटा बसवावा.